निबंध मागितला जातो, शिकवला जात नाही

गेली दोन-तीन वर्षे मराठीच्या शिक्षकांची बैठक कोठेही असो, चहा येण्याच्या आत एक वाद सुरू होतो. एक गट म्हणतो की विद्यार्थी आता मोबाइलवर विषय टाकतो आणि मिनिटभरात तीनशे शब्दांचा निबंध उतरवून घेतो. तेव्हा हा लेखनप्रकार शाळेतून काढून टाकावा आणि त्याचे गुण दुसऱ्या कशाला तरी द्यावेत. दुसरा गट उसळून म्हणतो की निबंध हा भाषेचा संस्कार आहे, त्यावर आपल्या कित्येक पिढ्या घडल्या, म्हणून तो घरी लिहायला देणे बंद करावे आणि वर्गात बसवून, डोळ्यांत तेल घालून मुलांकडून लिहून घ्यावा. मी दोन्ही गटांत बसून चहा प्यालो आहे आणि दोघेही चुकीच्या प्रश्नावर भांडत आहेत असे माझे मत झाले आहे. निबंध ही एक तयार वस्तू आहे आणि ती विद्यार्थ्याच्या हातून शिक्षकाच्या टेबलावर आली की काम झाले, हे दोघांनीही धरून चालले आहे. भांडण उरते ते वस्तू चोरीची की घरची एवढ्यापुरते. माझे म्हणणे असे की वैचारिक, औपचारिक निबंध शाळेत शिकवायलाच हवा आणि आजच्यापेक्षा अधिक नेटाने शिकवायला हवा. मात्र त्यासाठी आधी हे कबूल करायला हवे की बहुतेक शाळांत तो आजवर शिकवला गेलेलाच नाही. तो फक्त मागितला गेला आहे.

हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून म्हणत नाही. नोकरीची पहिली बारा वर्षे मीही तेच केले. परीक्षेआधीच्या पंधरवड्यात फळ्यावर पाच-सहा निबंध लिहून दिले, 'आजच्या विज्ञानयुगात' ही सुरुवात आणि एखाद्या सुभाषिताचा शेवट पुरवला. मुलांनी ते वहीत उतरवून घेतले आणि सहामाहीच्या पेपरात मला परत केले. मी माझ्याच वाक्यांतल्या ऱ्हस्व-दीर्घाखाली लाल रेघ ओढीत असे आणि खाली 'विचार चांगले आहेत' असा शेरा देत असे. कोणाचे विचार, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. गणिताचा शिक्षक उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवतो, मुलगा कोणत्या पायरीवर अडला हे पाहतो आणि तेच उदाहरण त्याच्याकडून पुन्हा करून घेतो. गवंड्याच्या हाताखाली शिकणाऱ्या पोराला कोणी 'जा, एक भिंत बांधून आण' असे सांगून घरी पाठवत नाही; माल किती कालवायचा, ओळंबा कसा धरायचा हे त्याला शेजारी उभे करून दाखवतात, आणि वाकडा गेलेला थर उतरवून पुन्हा रचायला लावतात. निबंध मात्र आपण करून दाखवत नाही, पुन्हा करून घेत नाही, आणि मुलाला तो आला नाही की 'याला लेखनाचे अंग नाही' म्हणून मोकळे होतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांच्या हाती आले आणि तेव्हापासून निबंध मेला अशी हाकाटी सुरू झाली. ज्यांना असे वाटते त्यांनी एकदा त्या यंत्राकडून 'मोबाइल : शाप की वरदान' या विषयावर निबंध मागवून पाहावा. नाण्याला दोन बाजू असतात, अतिरेक कशाचाही वाईट, विवेकाने वापरल्यास वरदान, असे सारे त्यात ओळीने येते. हा निबंध आपल्या ओळखीचा नाही का? गाइडात तो होता, माझ्या फळ्यावर तो होता, वक्तृत्व स्पर्धेत पाठ करून आलेल्या मुलाच्या तोंडीही तोच होता. जे आपण वर्षानुवर्षे मुलांकडून मागत आलो ते यंत्राला इतके सहज जमत असेल, तर आधी आपली मागणीच तपासायला हवी.

मग शिकवायचे ते काय? निबंध हा प्रकार इंग्रजी अमदानीत आपल्याकडे रुजला हे खरे. फ्रेंच लेखक मोंतेनने १५८० मध्ये आपल्या लेखनाला 'एसे' हे जे नाव दिले त्याचा फ्रेंच अर्थ 'प्रयत्न' असा होतो. आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जानेवारी १८७४ मध्ये निबंधमाला काढली तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर जॉन्सन आणि मेकॉले हे इंग्रज निबंधकार होते. पण निबंधाचा कणा म्हणजे युक्तिवाद, आणि त्याची शिस्त आपल्याकडे त्याहून कितीतरी जुनी आहे. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी अधिकरणाची, म्हणजे एकेका प्रश्नाच्या चर्चेची, पाच अंगे सांगितली: विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि निर्णय. यातले पूर्वपक्षाचे स्थान पाहण्यासारखे आहे. रामानुजाचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरच्या श्रीभाष्यात पहिल्याच सूत्रावर लिहिताना अद्वैत्यांचे म्हणणे इतक्या विस्ताराने मांडले आहे की त्या भागाला 'महापूर्वपक्ष' असेच नाव पडले. ज्या मताचे खंडन करायचे, ते आधी त्या मताच्या माणसाने मान डोलवावी इतक्या चोखपणे मांडायचे आणि मग उत्तराला हात घालायचा, ही ती शिस्त. आमच्या शालेय निबंधात संशय नसतो, पूर्वपक्ष नसतो. विषय दिला की थेट निर्णय, आणि तोही परीक्षकाला काय आवडेल हे ताडून आधीच ठरवलेला. न्यायशास्त्र, म्हणजे आपले जुने तर्कशास्त्र, वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार करते. सत्य शोधण्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची पाडण्यासाठी चालते ती वितंडा. रात्री नऊच्या चर्चांमुळे शेवटचे दोन प्रकार घराघरांतल्या मुलांना चांगले परिचयाचे झाले आहेत. पहिल्याची ओळख करून देणारी, शाळेखेरीज दुसरी कोणती जागा उरली आहे?

यावर पहिला आणि वजनदार आक्षेप असा की रचना शिकवली की तिचा साचा होतो आणि साच्यात विचार गुदमरतो. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्याचा सर्वांत मोठा दाखला चीनमध्ये आहे. मिंग आणि चिंग राजवटींत सरकारी अधिकारी निवडण्याच्या परीक्षेत आठ अंगांचा एक निबंध लिहावा लागे. कोणत्या अंगात काय यायचे, वाक्यांच्या जोड्या कशा जुळवायच्या, सारे ठरलेले. यशस्वी उमेदवारांच्या निबंधांचे छापील संग्रह बाजारात विकले जात आणि मुले ते घोकत, म्हणजे गाइडाचा धंदाही आपण शोधून काढलेला नाही. सतराव्या शतकातला विद्वान गु यानवू याने तर या निबंधाने केलेली हानी ग्रंथ जाळण्याच्या तोडीची ठरवली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी तो परीक्षेतून गेला आणि १९०५ मध्ये ती परीक्षाच बंद झाली. फ्रान्समध्येही सतरा-अठरा वर्षांची मुले शालान्त परीक्षेत तत्त्वज्ञानाच्या पेपराला चार तास बसतात, आणि बाजू, प्रतिबाजू, समन्वय अशा ठरीव तिपाईवर निबंध बसवतात अशी कुरकुर तेथेही ऐकू येतेच.

तरीही चीनच्या उदाहरणात एक गोष्ट नजरेआड होते. त्या निबंधात उमेदवाराने स्वतःचे मत मांडायचेच नव्हते. प्राचीन ऋषितुल्य पुरुषांच्या वतीने, त्यांच्या आवाजात बोलायचे होते. उत्तर आधी ठरलेले असेल तर रचना केवळ सजावट होऊन बसते, मग अंगे आठ असोत वा तीन. त्या अर्थाने 'विज्ञान : शाप की वरदान' हा आमचा अष्टपाद निबंधच आहे. विज्ञान शापच आहे असे ठामपणे, कारणांसह लिहिणाऱ्या मुलाला आपण पूर्ण गुण देऊ का? माझ्या हाताने मी एकेकाळी दिले नसते. गझलेला काफिया आहे, अभंगाला चरणांचे माप आहे, आणि त्या मापात तुकोबांचा आवाज गुदमरलेला कोणाला ऐकू आलेला नाही. मुलांना रचनेचा जाच होत नाही, खोटे बोलण्याचा होतो. 'माझा आवडता छंद' म्हणून, घरी नसलेल्या तिकिटांच्या संग्रहाविषयी लिहिणाऱ्या मुलाची वाक्ये लंगडी पडतात ती त्यामुळे.

दुसरा आक्षेप न्यायाचा आहे आणि माझ्या मते तो सर्वांत गंभीर. निबंध तपासणाऱ्याच्या मर्जीवर चालतो. १९१२ मध्ये अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोन अभ्यासकांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका १४२ शिक्षकांकडून तपासून घेतली, तर तिला १०० पैकी ६४ पासून ९८ पर्यंत गुण पडले. आपल्याकडे आज हा प्रयोग केला तर निकाल फार वेगळा येईल असे मला वाटत नाही. त्यात ज्याच्या घरी अहिराणी, वऱ्हाडी किंवा पावरी बोलली जाते त्याची भर. त्याचा 'न' आणि 'ण' परीक्षकाला खटकतो, आणि वाक्य पटण्याआधीच गुण गेलेले असतात. म्हणून गरिबाच्या मुलासाठी बहुपर्यायी प्रश्नच बरे, गोलाला जात नसते आणि बोलीही नसते, असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने इतिहासही उभा आहे. निबंधमालेच्या कर्त्यानेच, ज्याला आपण मराठी निबंधाचा आदर्श मानतो त्याने, जोतीराव फुल्यांच्या लेखनाची खिल्ली उडवताना व्याकरणाच्या चुका पुढे केल्या. चिपळूणकरांची वाक्यरचना आजही शिकण्यासारखी आहे, पण त्या ठिकाणी पूर्वपक्ष मांडण्याच्या कसोटीला ते उतरले नाहीत. त्यांनी प्रतिपक्षाचे लिंग-वचन तपासले, म्हणणे तपासले नाही.

पण यातून निबंध काढून टाकावा हा निष्कर्ष निघतो का? मला तर उलटाच निघताना दिसतो. ज्या घरात रोज अग्रलेख वाचला जातो, जेवताना वडील आणि आत्या एकमेकांचे मुद्दे खोडतात, त्या घरातल्या मुलाला युक्तिवाद न शिकवताही येतो. शाळेने तो शिकवला नाही तर नुकसान दुसऱ्याचे होते, ज्याच्या घरी तो कानावर पडण्याची सोय नाही. 'लेखन ही उपजत देणगी आहे' हे वाक्य कानाला गोड लागते. प्रत्यक्षात ते एक दार लावून घेते. आणि हे दार शिकवण्याने उघडते याचा पुरावा आपल्याच मातीत आहे. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या शाळकरी मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. लोक तो त्यातल्या वेदनेसाठी वाचतात, ते योग्यच आहे. मी तो वर्गात रचनेसाठी वाचतो. तिची चाल पाहा. वेद हे ब्राह्मणांचेच आहेत, इतरांनी ते पाहूही नयेत, हे प्रतिपक्षाचे विधान ती नाकारत बसत नाही. ती ते मान्य करते, आणि विचारते की मग ज्यांना धर्मपुस्तक पाहण्याचीही मोकळीक नाही त्यांना धर्म तरी कोणता उरला? प्रतिपक्षाचे गृहीतक त्याच्याच अंगणात नेऊन उभे करणे याहून चोख उत्तरपक्ष कोणता असतो? आणि त्यानंतर ती हवेत बोलत नाही. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांना थंडी-पावसात काय सोसावे लागते ते दाखवते. तिला मोजकीच वर्षे शाळा लाभली होती. गुणदानातली मनमानी कमी करायची तर निकष आधी सांगता येतात, दोन परीक्षकांकडून तपासता येते, शुद्धलेखनाचे गुण वेगळ्या रकान्यात टाकता येतात. ते कष्ट नकोत म्हणून मुक्तेच्या वारसांच्या हातातली लेखणी काढून त्यांना गोल रंगवायला देणे, याला न्याय म्हणायचे का?

न शिकवण्याची किंमत किती चढते हे राज्यसेवा परीक्षेच्या वेळी दिसले. दशकभर बहुतांशी बहुपर्यायी चाललेली मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने ठरवले, त्यात निबंधाचा स्वतंत्र, २५० गुणांचा पेपर आला, आणि २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात हजारो उमेदवार रस्त्यावर उतरले. बदल २०२५ पर्यंत पुढे ढकलला गेला. वृत्तपत्रांतून तेव्हा या मुलांना आळशी ठरवणारी पत्रे आली. मला ती क्रूर वाटली. दहावीच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत लेखनकौशल्याला ८ गुण असतात आणि प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक यांतले एकच लिहायचे असते, म्हणजे युक्तिवादाची एकही ओळ न लिहिता मूल दहावीची मराठी सोडवून बाहेर पडते. पुढे पदवीला नोट्स. आणि मग पंचविशीत, अभ्यासिकेच्या टेबलावर, अचानक त्याला सांगायचे की आता तीन तास स्वतःचा विचार मांड. त्याने वेळ मागितला यात त्याचा दोष किती, आणि त्याला तोवर शिकवणाऱ्या आम्हा लोकांचा किती?

वेळ नाही, हा तिसरा आक्षेप. वर्गात साठ-सत्तर मुले, शिवाय मतदारयाद्या, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहित्या. साठ वह्या प्रत्येकी पंधरा मिनिटांप्रमाणे नीट वाचायच्या तर पंधरा तास होतात. ते कोठून आणायचे? हे खोटे नाही. माझे उत्तर एवढेच की निबंध कमी करा. वर्षाला दहा लिहून घेतो त्याऐवजी तीन घ्या, पण प्रत्येक तीनदा लिहू द्या. पहिला खर्डा शेजारच्या मुलाने वाचावा आणि त्याला न पटलेल्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारावी. शिक्षकाने फक्त पूर्वपक्षाचा परिच्छेद वाचला तरी पुष्कळ कळते. मीठ पाहायला सगळे पातेले संपवावे लागत नाही.

मागच्या वर्षी नववीच्या वर्गात 'शाळेत मोबाइल आणू द्यावा का?' हा विषय दिला. एका मुलीने पहिल्या खर्ड्यात पानभर लिहिले की मोबाइल हा विद्यार्थ्यांचा शत्रू आहे. अक्षर सुरेख, वाक्ये गुळगुळीत, एकही चूक नाही. ते तिने कोठून आणले हे मी विचारले नाही. एवढेच म्हटले की ज्यांना मोबाइल हवा आहे त्यांची बाजू पाच वाक्यांत अशी लिही की त्यांनी खाली सही केली पाहिजे. दुसऱ्या दिवशी ती कोरी वही घेऊन आली.

"सर, त्या बाजूला काही नाहीच."

"तुझ्या घरी मोबाइल कोण वापरतं?"

"आई अंगणवाडीत आहे. पोरांची वजनं मोबाइलवर भरावी लागतात. तिला ते ॲप जमत नाही, मीच भरते." एवढे बोलून ती गप्प झाली आणि वही घेऊन जागेवर गेली.

दुसरा खर्डा संध्याकाळी आईसाठी वजने भरण्याच्या त्या कामापासून सुरू होत होता. कोणत्या बाळाचे वजन मागच्या महिन्यापेक्षा कमी भरले हे आईच्या आधी आपल्याला कळते, असे त्यात एक वाक्य होते. अशी वाक्ये यंत्राकडे नसतात, माझ्या फळ्यावरही कधी नव्हती. तिसऱ्यात तिने भूमिका घेतली: वर्गात मोबाइल नको, पण तो वापरण्याचे शिक्षण शाळेने द्यावे, कारण तसेही घरचे काम मुलांवर येऊन पडलेलेच आहे. तिच्या बाकावरच्या मैत्रिणीने 'पडलेलेच आहे' खाली पेन्सिलीने रेघ मारून 'सगळ्यांच्या घरी?' असे विचारले होते, आणि तिने ते वाक्य बदलून 'माझ्यासारख्या काहींवर' असे केले होते. पहिल्या खर्ड्यात एकही चूक नव्हती. या तिसऱ्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा निघाल्या. त्या आम्ही मधल्या सुट्टीत, डबा खाऊन झाल्यावर, एकत्र बसून दुरुस्त केल्या.